राष्ट्रीय देखभाल सेवा: स्कॉटलंडने मांडलेला आणि अर्ध्यावर सोडलेला कायदा

२० जून २०२२ रोजी स्कॉटलंडच्या संसदेत एक विधेयक मांडले गेले. १९४८ साली ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या मोफत सरकारी आरोग्यसेवेनंतरची सार्वजनिक सेवांमधली सर्वांत मोठी सुधारणा, अशा शब्दांत तिथल्या सरकारने त्याची ओळख करून दिली होती. म्हातारपण, अपंगत्व किंवा दीर्घ आजार यांमुळे ज्यांना रोज दुसऱ्याच्या हाताची गरज लागते, अशा सर्वांसाठी ‘राष्ट्रीय देखभाल सेवा’ उभारण्याचा तो मसुदा होता. तीन वर्षांनी, जून २०२५ मध्ये, तेच विधेयक संमत झाले. परंतु तोवर त्याच्या नावातून ‘राष्ट्रीय देखभाल सेवा’ हे शब्द वगळले गेले होते आणि ज्या भागामुळे त्याला ते नाव मिळाले तो पहिला भागही काढून टाकलेला होता.

एखादे विधेयक पडते, हे आपण समजू शकतो. पण संमतही व्हावे आणि त्याचा गाभाच नाहीसा व्हावा, हे कोड्यात टाकणारे आहे. ते सोडवायचे तर आधी ही देखभाल म्हणजे काय, ती आज कोण करते आणि तिचे पैसे कोण भरते, हे नीट पाहावे लागते. माझ्या मते घोळ इथेच झाला. घराच्या दारावर कोणाच्या नावाची पाटी लावायची याचा निर्णय सरकारने आधी घ्यायला घेतला; घरखर्च कोण देणार आणि आत राबणार कोण, हे नंतर पाहू असे ठरवले.

देखभाल म्हणजे नेमके काय?

समजा, एडिनबराजवळच्या एका गावात ब्याऐंशी वर्षांच्या एक बाई एकट्या राहतात. त्यांना बरे न होणारा संधिवात आहे, विस्मरण सुरू झाले आहे, आणि मुलगी दीड तासाच्या अंतरावर नोकरी करते. सकाळी साडेसातच्या सुमारास त्यांच्या दाराशी एक लहान मोटार थांबते. दाराशेजारी भिंतीवर आकड्यांचे कुलूप असलेली एक छोटी पेटी बसवलेली असते. देखभाल करणारी बाई आकडे जुळवते, आतली किल्ली काढून दार उघडते, ‘मी आले’ असे मोठ्याने सांगत पडदे सरकवते. मग आजींना अलगद उठवून बसवणे, वॉकरच्या आधाराने न्हाणीघरात नेणे, अंग पुसून देणे, पाठीवर आणि टाचांवर कुठे लाली आली आहे का ते पाहणे, कारण जखम तिथूनच सुरू होते. कपडे चढवणे, टोस्ट आणि चहा समोर ठेवणे, वारांप्रमाणे कप्पे असलेल्या डब्यातल्या गोळ्या घेतल्या ना ते बघणे, वहीत नोंद करणे, किल्ली परत पेटीत ठेवणे. वेळ मोजलेला असतो, कधी अर्धा तास, कधी पंधराच मिनिटे, आणि पुढच्या घरी दुसरे कोणी वाट पाहत असते.

यात इंजेक्शन नाही, शस्त्रक्रिया नाही, डॉक्टरही नाही. ज्यांच्या घरी आजारी माणूस अंथरुणाला खिळून होते, त्यांना हे काम सांगावे लागणार नाही. आपल्याकडे ब्यूरोतून येणारी मावशी बारा किंवा चोवीस तासांच्या बोलीवर हेच करते. इंग्रजीत याला ‘सोशल केअर’ म्हणतात. या लेखात मी त्याला सरळ ‘देखभाल’ म्हणणार आहे. घरी येऊन केलेली मदत, केअर होममधला, म्हणजे देखभालीची सोय असलेल्या निवासगृहातला मुक्काम, अपंग तरुणांना स्वतंत्र राहता यावे म्हणून दिलेला मदतनीस, दिवसभराची केंद्रे, हे सारे त्यात येते. केवळ वृद्धांचाच हा प्रश्न आहे असे मानणे चूक आहे, जरी बातम्यांमध्ये तेच दिसत असले तरी.

१९४८ साली घातलेली भिंत

ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा, म्हणजेच एनएचएस, ५ जुलै १९४८ रोजी सुरू झाली. त्याच दिवशी ‘नॅशनल असिस्टन्स अ‍ॅक्ट’ नावाचा दुसरा एक कायदाही अमलात आला, मात्र त्याची आठवण फारशी कोणी काढत नाही. पहिल्याने रुग्णालयातले उपचार करातून आणि मोफत केले. दुसऱ्याने निराधार व वृद्धांच्या निवाऱ्याची जबाबदारी स्थानिक कौन्सिलांकडे, म्हणजे तिथल्या नगरपालिका-जिल्हा परिषदांकडे दिली आणि ज्याची ऐपत असेल त्याच्याकडून त्याचे पैसे घ्यावेत अशी सोय ठेवली. आजारपण राष्ट्राचे आणि दुबळेपण गावाचे, अशी ही वाटणी झाली.

तेव्हा ती कोणाला खटकली नसावी, कारण माणसे कमी जगत होती. आज मात्र कर्करोग झालेल्या माणसाचा लाखो पौंडांचा उपचार मोफत होतो आणि स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला केअर होमसाठी राहते घर विकावे लागू शकते. दोन्ही आजारच आहेत. पण एकाला औषध लागते आणि दुसऱ्याला माणूस लागतो, म्हणून एक भिंतीच्या या बाजूला आणि दुसरा त्या बाजूला. इंग्लंडमध्ये आजही २३,२५० पौंडांहून अधिक मालमत्ता असलेल्याला देखभालीचा खर्च सामान्यतः स्वतःच करावा लागतो.

स्कॉटलंडमध्ये तर ती मोफत आहे ना?

ही शंका अनेकजण काढतात आणि ती अर्धी बरोबर आहे. स्कॉटलंडने २००२ च्या कायद्याने ६५ वर्षांवरील सर्वांना ‘वैयक्तिक देखभाल’ मोफत केली आणि एप्रिल २०१९ पासून ती त्याखालच्या वयाच्या गरजूंनाही लागू केली. वैयक्तिक म्हणजे शरीराशी थेट संबंध असलेली: अंघोळ, कपडे, शौच, भरवणे, औषध देणे. परंतु घर झाडणे, बाजारहाट, दिवसभराचे केंद्र यांसाठी कौन्सिल शुल्क लावू शकते, आणि प्रत्येक कौन्सिलचा दर वेगळा असतो.

केअर होममध्ये तर ‘मोफत’ हा शब्द आणखी आखूड होतो. २०२४-२५ मध्ये तिथे वैयक्तिक देखभालीपोटी सरकारकडून दर आठवड्याला २४८.७० पौंड मिळत. राहण्याजेवणाचा खर्च त्याहून बराच अधिक असतो आणि त्या वर्षी ज्याच्याकडे ३५,००० पौंडांहून अधिक मालमत्ता होती त्याला तो पूर्णपणे स्वतः भरावा लागे. वसतिगृहाने शिकवणी मोफत असल्याची जाहिरात करावी आणि खोलीभाडे व मेसचे बिल मात्र हातात ठेवावे, तसा हा प्रकार आहे.

दोन भावांचे सामायिक खाते

स्कॉटलंडमध्ये ३२ कौन्सिले आहेत आणि एनएचएसची १४ प्रादेशिक मंडळे. आपल्या उदाहरणातल्या बाई पडल्या, खुब्याचे हाड मोडले, तर शस्त्रक्रिया आरोग्य मंडळ करते. घरी परतल्यावर लागणारी मदत मात्र कौन्सिलने द्यायची. ती वेळेवर मिळाली नाही, तर बाई बऱ्या होऊनही रुग्णालयातच पडून राहतात. अलीकडच्या वर्षांत कोणत्याही दिवशी सुमारे २,००० खाटा अशाच माणसांनी अडलेल्या असतात, ज्यांना तिथे राहण्याचे वैद्यकीय कारण उरलेले नाही. मग अपघात विभागात रांग लागते, बाहेर रुग्णवाहिका खोळंबतात, आणि लोक म्हणतात की आरोग्यसेवा कोसळली. प्रत्यक्षात तुंबलेला नळ दुसऱ्याच्या मोरीत असतो.

यावर उपाय म्हणून २०१४ च्या कायद्याने कौन्सिले आणि आरोग्य मंडळे यांची संयुक्त मंडळे नेमली. फक्त हायलँड भागाने वेगळी रचना पत्करली. दोन भावांनी आईच्या औषधपाण्यासाठी सामायिक खाते काढावे तशी ही योजना होती. खाते निघाले, पासबुकही आले; पण दोघेही आपापल्या संसारातून उरेल तेवढेच त्यात टाकणार आणि खर्च वाढला की दुसऱ्याकडे बोट दाखवणार. नोकरांची नेमणूकही ज्याची त्याच्याकडेच राहिली. काही जिल्ह्यांत हे उत्तम चालले, काही ठिकाणी नुसत्या बैठका झाल्या.

२०१३ मध्ये आणखी एक चांगला कायदा झाला होता. आपल्या वाट्याचा निधी स्वतःच्या हाती घेऊन मदतनीस निवडायचा की सगळे कौन्सिलवर सोडायचे, हे ठरवण्याचा हक्क त्याने गरजू माणसाला दिला. तोही कागदावर जितका दिसतो तितका सर्वत्र मिळाला नाही.

मग २०२२ मध्येच घाई का झाली?

उत्तर कोविडमध्ये आहे. २०२० च्या वसंतात रुग्णालये रिकामी करण्याच्या धांदलीत अनेक वृद्धांना चाचणी न करताच केअर होममध्ये पाठवण्यात आले. पहिल्या लाटेत स्कॉटलंडमध्ये जे मृत्यू झाले त्यांतले जवळपास निम्मे केअर होममधले होते. नंतर कित्येक महिने भेटीगाठींवर बंदी राहिली. मुले खिडकीच्या काचेबाहेर उभी आणि आत आई त्यांना ओळखेनाशी होत चाललेली, असे चित्र दारोदार होते. या सगळ्याला जबाबदार कोण, हे विचारू गेले की केअर होम कौन्सिलकडे, कौन्सिल आरोग्य मंडळाकडे आणि मंडळ मंत्र्यांकडे बोट दाखवत असे.

सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने एनएचएस स्कॉटलंडचे माजी प्रमुख डेरेक फीली यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र आढावा समिती नेमली. तिचा अहवाल फेब्रुवारी २०२१ मध्ये आला. त्यात ५३ शिफारशी होत्या. देखभालीला समाजावरचे ओझे न मानता गुंतवणूक मानावे, तिची अंतिम जबाबदारी कौन्सिलांऐवजी मंत्र्यांनी घ्यावी, राष्ट्रीय देखभाल सेवा स्थापावी, देखभाल करणाऱ्यांना बरे वेतन द्यावे, घरगुती मदतीवरचे शुल्क रद्द करावे, असे त्यात होते. यासाठी वर्षाला सुमारे ६६ कोटी पौंड जास्तीचे लागतील, हेही अहवालाने स्पष्ट लिहिले होते. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवावा, कारण पुढे सगळे त्याच्याभोवतीच फिरते.

विधेयकात होते काय?

तत्कालीन आरोग्यमंत्री हमझा युसुफ यांनी मांडलेल्या विधेयकाचे सार असे होते: देखभाल पुरवली जाते की नाही याचे उत्तर यापुढे मंत्री देतील, त्यांच्या हाताखाली प्रादेशिक ‘देखभाल मंडळे’ असतील, आणि कौन्सिलांची त्यासंबंधीची कामे, इमारती व कर्मचारी या मंडळांकडे वळवण्याचा अधिकार मंत्र्यांना मिळेल. कौन्सिलांच्या संघटनेच्या म्हणण्यानुसार असे सुमारे ७५,००० कर्मचारी हलवले जाऊ शकले असते.

इथे ‘राष्ट्रीय’ या शब्दाने मोठी फसगत केली. वाचणाऱ्याला वाटले, आता केअर होम सरकारी होणार आणि देखभाल मोफत होणार. विधेयकात यापैकी काहीच नव्हते. स्कॉटलंडमधली बहुतेक केअर होम खासगी कंपन्या किंवा धर्मादाय संस्था चालवतात, आणि ती तशीच राहणार होती. फरक एवढाच, की त्यांना कंत्राट देणारे टेबल बदलणार होते. आपल्या गृहसंकुलातला रखवालदार एजन्सीचा असतो. उद्या एजन्सीला पैसे सोसायटीऐवजी महापालिका देऊ लागली, तर फाटकावर उभा असलेला माणूस तोच, त्याचा पगार तोच आणि रात्रीची डुलकीही तीच.

आराखडा न दाखवणारा बिल्डर

विधेयकावर सर्वाधिक टीका झाली ती त्याच्या आकारामुळे. ते ‘चौकट विधेयक’ होते, म्हणजे संसदेने फक्त सांगाडा मंजूर करायचा आणि तपशील नंतर मंत्र्यांनी नियमांद्वारे भरायचा. मंडळे किती, त्यांत कोण बसणार, लहान मुलांच्या आणि न्याय विभागाच्या समाजसेवा यात येणार की नाही, हे सगळे पुढे ठरायचे होते. सरकारचे म्हणणे असे, की ज्यांना देखभाल मिळते त्यांच्यासोबत बसून आम्ही तपशील ठरवू. आधीच सगळे लिहून ठेवले तर त्यांना विचारण्यात अर्थ काय? हा युक्तिवाद मनापासूनचा होता असे मला वाटते आणि तो अगदीच टाकाऊ नव्हता. अपंगांच्या संघटनांना तो पटला होता, कारण आजवर त्यांना कोणी विचारलेच नव्हते.

तरीही संसदेच्या बाजूने पाहा. एखादा बिल्डर म्हणतो, ‘बुकिंगचा चेक आज द्या, किती मजले, किती खोल्या, लिफ्ट कुठे, हे आपण रहिवाशांशी बोलून ठरवू.’ तो कितीही सज्जन असला तरी चेक कोणी लिहीत नाही. विधेयकासोबत जोडलेल्या आर्थिक टिपणात पाच वर्षांचा खर्च सुमारे ६५ कोटी ते १२६ कोटी पौंड असा दिला होता. खालचा आकडा आणि वरचा आकडा यांत जवळजवळ दुपटीचे अंतर! संसदेच्या वित्त समितीने २०२२ च्या अखेरीस हे टिपण पुरेसे नसल्याचे सुनावले. त्यातही यातला मोठा हिस्सा नव्या व्यवस्थेच्या उभारणीवर जाणार होता. आपल्या बाईंच्या अंघोळीसाठी वाढीव मिनिटे त्यात नव्हती.

एक बारीकसा तपशील इथे सांगण्याजोगा आहे. ब्रिटनमध्ये कौन्सिलांना खरेदीवर भरलेला मूल्यवर्धित कर, म्हणजे व्हॅट, परत मिळतो. स्कॉटिश सरकारच्या हाताखालच्या नव्या मंडळांना तो मिळेलच याची खात्री नव्हती. यापूर्वी एप्रिल २०१३ मध्ये आठ स्थानिक पोलिस दले एकत्र करून ‘पोलिस स्कॉटलंड’ झाले, तेव्हा नेमके हेच घडले होते: कालपर्यंत परत येणारा कर दुसऱ्या दिवसापासून बुडू लागला आणि तो प्रश्न सुटायला २०१८ उजाडले. कार्यालयाची पाटी बदलणे फुकट नसते.

एनएचएस जमली, मग हीच का अडली?

हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. १९४८ मध्येही डॉक्टरांच्या संघटनेचा कडवा विरोध होता, स्थानिक संस्थांची रुग्णालये हातची जाणार होती, तरीही काम झाले. फरक असा, की तेव्हा सरकारने रुग्णालयेच ताब्यात घेतली. इमारत, खाटा, परिचारिका आणि पैसा, चारही गोष्टी एकाच हाती आल्या. २०२२ च्या विधेयकात जबाबदारी तेवढी वर जाणार होती. मालकी विखुरलेली आणि निधी अपुरा राहणार होता. जबाबदारी घेऊन साधने न घेणारा मंत्री हा फक्त तक्रारी ऐकण्याचा अधिकारी होतो.

शिवाय रुग्णालय ही एक जागा असते, तर देखभाल लाखो घरांत विखुरलेली असते. कोणत्या रस्त्यावर बर्फ पडल्यावर गाडी जात नाही, कोणत्या आजींना मुलगा आहे पण तो फिरकत नाही, ही माहिती स्थानिक कार्यालयाकडेच असते. शेटलंड बेटांवरच्या देखभालीचे वेळापत्रक ग्लासगोच्या चाळवजा वस्तीला चालणार नाही. कौन्सिलांचा हा मुद्दा स्वार्थी असला तरी खोटा नव्हता. उलट बाजूही आहे: आज शेजारच्या दोन कौन्सिलांत एकाच प्रकारच्या माणसाला वेगवेगळी मदत मिळते, घराचा पत्ता हेच त्याचे नशीब ठरते. हे चालू द्यायचे नसेल, तर कोणीतरी वरून किमान मर्यादा आखून दिलीच पाहिजे. ती आखण्यासाठी कामेच काढून घ्यावी लागतात का, एवढाच खरा वाद होता.

माघार कशी झाली?

कौन्सिले विरोधात होती, कामगार संघटना विरोधात होत्या. संघटनांची मागणी साधी होती: आधी वेतन. काहींनी तासाला १५ पौंडांची घोषणा लावून धरली. स्कॉटलंडमध्ये सरकारी पैशावर चालणाऱ्या प्रौढांच्या देखभालीत एप्रिल २०२५ मध्ये किमान दर तासाला १२.६० पौंड होता. दुकानात डबे रचण्याचे काम साधारण तेवढ्याच पैशांत मिळत असेल, तर पहाटे उठून परक्याचे डायपर बदलायला कोण टिकणार? ज्या मंडळाने कंत्राट दिले त्याचे नाव काय, हा प्रश्न देखभाल करणाऱ्या बाईच्या दृष्टीने फार दूरचा आहे.

जुलै २०२३ मध्ये सरकारने कौन्सिलांशी समझोता केला: कर्मचारी आणि इमारती कौन्सिलांकडेच राहतील, जबाबदारी मंत्री, कौन्सिले आणि आरोग्य मंडळे या तिघांत वाटली जाईल. फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीस विधेयकाने पहिला टप्पा ओलांडला, पण आता कोणाचेच समाधान नव्हते. ज्यांना मोठा बदल हवा होता त्यांना ते मिळमिळीत वाटू लागले आणि ज्यांना नको होता त्यांची भीती गेली नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सत्ताधारी स्कॉटिश नॅशनल पार्टी आणि ग्रीन पक्ष यांची युती तुटली. १२९ सदस्यांच्या संसदेत सरकारला स्वतःचे बहुमत नव्हते. शरद ऋतूत कौन्सिलांच्या संघटनेने आणि मग ग्रीन पक्षाने पाठिंबा काढला. २३ जानेवारी २०२५ रोजी मंत्री मॅरी टॉड यांनी विधेयकाचा पहिला भाग मागे घेत असल्याचे जाहीर केले. तोवर या खटाटोपावर सुमारे ३ कोटी पौंड खर्च झाले होते.

हे काम घरच्यांनीच करावे ना?

मराठी वाचकाच्या मनात हा प्रश्न केव्हापासून उभा असेल. आपल्याकडे २००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा कायदा मुलांवरच जबाबदारी टाकतो आणि हयगय झाल्यास न्यायाधिकरणाकडे जाता येते. स्कॉटलंडमध्ये १९८५ च्या कौटुंबिक कायद्यापासून सज्ञान मुलांवर आई-वडिलांच्या पोषणाचे असे बंधन नाही. यावरून तिकडे मुले आई-बापांना सोडून देतात, असा निष्कर्ष काढायची आपल्याला फार घाई असते.

आकडे वेगळे बोलतात. २०२२ च्या जनगणनेत स्कॉटलंडची लोकसंख्या ५४ लाखांच्या थोडी वर होती आणि त्यांतल्या सव्वासहा लाखांच्या आसपास लोकांनी आपण घरच्या किंवा ओळखीच्या कोणाची तरी बिनपगारी देखभाल करतो असे नोंदवले. म्हणजे साधारण नऊ माणसांत एक. देखभालीचा बहुतांश भार तिथेही घरच्यांवरच आहे, आणि घरचे म्हणजे बहुधा बायको, मुलगी किंवा सून, हेही आपल्यासारखेच. आमच्या आजीची शेवटची दोन वर्षे अंथरुणात गेली. ‘आम्ही घरीच सांभाळले’ असे आम्ही अभिमानाने सांगतो, तेव्हा त्या ‘आम्ही’त दिवसपाळीला काकू आणि रात्रपाळीला आई असत, पुरुषमंडळी चौकशी करत. सरकारी देखभाल कुटुंबाची जागा घेत नाही. जी एकच व्यक्ती कुटुंबाच्या नावाने पिचत असते तिला ती चार तासांची झोप देते.

आणि पैसा?

याचे तयार उत्तर कोणाकडेच नाही, पण काही देशांनी निदान प्रश्न टाळला नाही. जर्मनीने १९९५ मध्ये देखभालीसाठी स्वतंत्र सक्तीचा विमा सुरू केला. जपानने एप्रिल २००० मध्ये तेच केले. तिथे वयाची चाळिशी गाठली की प्रत्येकाला हप्ता भरावा लागतो आणि सेवा घेताना साधारण दहा टक्के रक्कम स्वतः मोजावी लागते, ऐपत अधिक असेल तर जास्त. दोन्ही ठिकाणी तक्रारी आहेत, मनुष्यबळाची टंचाई तर भीषण आहे. तरी आपण कशासाठी किती भरतो, हे तिथल्या माणसाला ठाऊक असते. ब्रिटनमध्ये हा विषय निघाला की निवडणूक जवळ येते. इंग्लंडने देखभालीच्या आयुष्यभराच्या खर्चावर ८६,००० पौंडांची कमाल मर्यादा घालायचे ठरवले, ती पुढे ढकलली आणि जुलै २०२४ मध्ये रद्दच केली. आता तिथेही ‘राष्ट्रीय देखभाल सेवा’ हेच नाव पुढे आले आहे. ब्रिटिश संसदेच्या वरिष्ठ सभागृहातल्या सदस्य लुईझ केसी यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला आहे आणि त्याचा अंतिम अहवाल २०२८ पर्यंत यायचा आहे.

आपल्याकडच्यांचा यात संबंध काय?

संबंध आहे आणि तो थेट आहे. माणसे मिळेनात म्हणून ब्रिटनने फेब्रुवारी २०२२ मध्ये देखभाल कर्मचाऱ्यांना परदेशातून व्हिसा देणे सुरू केले. नायजेरिया, झिंबाब्वे यांच्याबरोबर भारतातूनही हजारो लोक गेले. एजंटांना लाखो रुपये मोजून गेलेल्या काहींच्या वाट्याला ठरलेले कामाचे तास आलेच नाहीत. मार्च २०२४ पासून अशा कर्मचाऱ्यांना जोडीदार व मुले नेण्यास मनाई झाली आणि २२ जुलै २०२५ पासून परदेशातून नवी भरतीच बंद झाली. व्हिसाचे हे निर्णय लंडनमध्ये होतात, एडिनबरामध्ये नाही. त्यामुळे स्कॉटलंडने कोणताही देखभाल कायदा केला, तरी देखभाल करणारे हात सीमेवरून आत येणार की नाही, हे त्याच्या हातात नाही. आजही कोणी ‘यूके केअर व्हिसा नक्की मिळवून देतो’ असे सांगून आगाऊ रक्कम मागत असेल, तर ही तारीख त्याला वाचून दाखवावी.

संमत झाले त्यात उरले काय?

जुलै २०२५ मध्ये राजसंमती मिळालेल्या या कायद्याचे आजचे नाव ‘केअर रिफॉर्म (स्कॉटलंड) अ‍ॅक्ट’ असे आहे. त्यात मंडळे नाहीत. राष्ट्रीय पातळीवर कायद्याबाहेरची एक सल्लागार समिती तेवढी ठेवायची ठरली. पण उरलेले कलम-कपटे क्षुल्लक नाहीत. त्यातले सर्वांत परिचित ‘अ‍ॅन्स लॉ’ या नावाने ओळखले जाते. कोविडकाळात केअर होममधल्या आपल्या माणसाला भेटता न आलेल्या कुटुंबांनी ते लढून मिळवले. केअर होममधल्या माणसाला आपला एक जवळचा माणूस नेमता येतो आणि साथीच्या काळातही त्याला सरसकट दारात अडवता येत नाही. बिनपगारी देखभाल करणाऱ्यांना पुरेशी विश्रांती मिळण्याचा हक्क त्यात आहे, आणि आरोग्य व देखभाल विभागांनी माहिती एकमेकांना देण्याची तरतूदही. ही कलमे नियम तयार होतील तशी टप्प्याटप्प्याने लागू करायचे ठरले.

म्हणजे आपल्या बाईंना उद्या केअर होममध्ये हलवावे लागले आणि पुन्हा एखादी साथ आली, तर त्यांच्या मुलीला काचेबाहेर उभे राहावे लागू नये. तोवर त्या घरीच असतील, तर त्यांना कोणती मदत द्यायची हे पूर्वीसारखेच त्यांच्या कौन्सिलच्या कार्यालयात ठरेल, आणि सकाळी साडेसातला पेटीचे आकडे जुळवणारी बाई पूर्वीच्याच कंपनीची असेल.